सू फॉल्समधली टपाल आणि पत्त्याची सेवा: पुण्याला येण्याआधी कॅलिफोर्निया सोडताना आलेला अनुभव

साउथ डकोटातल्या सू फॉल्समध्ये पत्ता देऊन आपलं टपाल सांभाळणाऱ्या या सेवेकडे नाव नोंदवलं की ईमेलने पाच कागद येतात. त्यातला चौथा कागद सेवेचा नाही, साउथ डकोटा राज्याचा आहे. रहिवासाचं प्रतिज्ञापत्र. त्यात साध्या भाषेत विचारलेलं असतं की साउथ डकोटा हेच तुमचं रहिवासाचं राज्य आहे का, दुसऱ्या कुठल्या राज्यात तुमचं राहतं घर आहे का, आणि बाहेर गेलात तर परत याच राज्यात यायचा तुमचा इरादा आहे का. खाली सही. शपथेवर.

एप्रिल २०२४ मधली गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टहून चार दिवस गाडी चालवून आम्ही सू फॉल्सला पोचलो होतो आणि रात्री हॉटेलच्या खोलीत मी हे कागद भरत बसले होते. पहिल्या दोन प्रश्नांना अडचण नव्हती. फ्रीमॉन्टचं घर मार्चमध्ये विकलं होतं. तिसऱ्या प्रश्नाशी मी पेन खाली ठेवलं. नवऱ्याने कागद हातात घेऊन वाचला आणि म्हणाला, "आपण इथे परत येणार आहोत का गं खरंच?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री ती सही आम्ही केली नाही, आणि पुढचं सगळं त्या एका प्रश्नावरून ठरत गेलं. म्हणून या सेवेबद्दल लिहिताना सुरुवात तिथूनच करते.

आमची पार्श्वभूमी थोडक्यात. फ्रीमॉन्टमध्ये २६ वर्षं राहिलो. दोघंही अमेरिकेचे नागरिक, ओसीआय कार्ड आहे. माझी आई कोथरूडला असते, ८३ वर्षांची, बाबा गेल्यापासून एकटी. तिच्याजवळ काही वर्षं राहायचं ठरवलं. किती वर्षं ते देवाला ठाऊक, पण कायमचं नाही. मुलगी मिनेसोटातल्या मिनिआपोलिसला आहे आणि म्हातारपण तिच्या जवळपास घालवायचं आहे.

ओळखीतल्या निम्म्या लोकांना वाटतं की देश सोडला म्हणजे राज्याचा कर आपोआप सुटला. आम्हालाही तसंच वाटत होतं. नागरिक असल्यामुळे अमेरिकेचा केंद्रीय कर जगात कुठेही गेलो तरी भरावा लागतो, तो मुद्दाच वेगळा. पण कॅलिफोर्नियाचा कायदाही असा आहे की तुमचं डोमिसाइल (कायद्याच्या लेखी कायमचं घर) तिथलं असेल आणि तुम्ही तात्पुरत्या कारणासाठी बाहेर असाल, तर तुम्ही रहिवासीच. पुण्यात तीन वर्षं राहून 'नंतर परत जाऊ' असं मनात असेल तर कॅलिफोर्नियाच्या फ्रँचाइज टॅक्स बोर्डाच्या, म्हणजे राज्याच्या कर खात्याच्या, लेखी तुम्ही सोडलेलंच नसतं, आणि जगभरातल्या उत्पन्नावर तिथला कर लागू राहतो.

एक सवलत आहे, तिच्यावर अनेक जण विसंबतात. नोकरीच्या करारावर सलग किमान ५४६ दिवस बाहेर राहिलात तर तुम्हाला अनिवासी धरतात. पण त्या काळात वर्षाला ४५ दिवसांपेक्षा जास्त कॅलिफोर्नियात यायचं नाही, आणि व्याज, लाभांश, शेअरविक्रीचा नफा असलं उत्पन्न एका वर्षात दोन लाख डॉलरच्या वर गेलं तर सवलत गेली. शिवाय कर चुकवणं हाच मुख्य हेतू असेल तरी नाही. आमच्या बाबतीत पहिलीच अट बसत नव्हती. आईची काळजी घ्यायला जाणाऱ्या मुलीला कुणी नोकरीचा करार देत नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. केंद्रीय करात भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, परदेशात कमावलेल्या पगाराला सूट मिळते (२०२४ साठी १,२६,५०० डॉलरपर्यंत), भारताबरोबरचा करारही आहे. कॅलिफोर्निया यातलं काहीच धरत नाही. परदेशी कराची वजावट नाही, ती सूट नाही, दोन देशांमधला करारही मानत नाही. भारतात परतल्यावर सुरुवातीची दोन, तारखा जुळल्या तर तीन आर्थिक वर्षं आरएनओआर दर्जा (निवासी, पण 'सामान्य निवासी' नाही असा) असतो, तेव्हा अमेरिकेतल्या व्याज-लाभांशावर भारत कर घेत नाही. तो काळ संपला की भारत घेणार, आणि कॅलिफोर्निया त्याच रकमेवर वेगळा घेणार. आमचा टप्पा ९.३ टक्क्यांचा. हिशोब केला तेव्हा वर्षाला साधारण ११ हजार डॉलर निघाले. आईसाठी रात्रंदिवस बाई ठेवायची झाली तर वर्षाचा खर्च त्यात सहज निघून वर उरेल.

म्हणून उत्पन्नकर नसलेल्या राज्यातली ही सेवा.

ती देते काय? सू फॉल्समध्ये रस्त्याचा खराखुरा पत्ता आणि तुमच्या नावाचा पेटीक्रमांक. येणारं प्रत्येक पत्र ते घेतात, पाकिटाचा फोटो ॲपवर टाकतात. उघडून स्कॅन करायचं, पुढे पाठवायचं, जपून ठेवायचं की फाडून टाकायचं ते आपण सांगायचं. पोस्टाच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याला आपलं टपाल घ्यायची परवानगी देण्यासाठी १५८३ क्रमांकाचा फॉर्म नोटरी करून द्यावा लागतो. नोटरी त्यांच्याच कार्यालयात बसते, दहा मिनिटांत काम झालं. दोन ओळखपत्रं सोबत ठेवा. वर्षाची फी आम्हाला १६८ डॉलर पडली, टपालखर्चासाठी १०० डॉलर आगाऊ जमा. रहिवासाचं पॅकेज घेतलं तर ७५ डॉलर वेगळे. त्यात ते पाच कागद, लायसन्स कार्यालयात काय काय न्यायचं त्याची यादी आणि फोनवर अर्धा तास माहिती.

माहिती देणाऱ्या बाई अतिशय नीट बोलणाऱ्या. घाई नाही, प्रश्न टाळणं नाही. त्यांनी समजावलं की साउथ डकोटात वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही, आणि इथे एक रात्र राहिल्याची पावती, हॉटेलची किंवा मोटारघरांच्या तळाची, दाखवून आणि ते प्रतिज्ञापत्र भरून फिरस्त्या लोकांना लायसन्स मिळतं. मोटारघरात बारा महिने फिरणारी म्हातारी जोडपी, नर्सेस, ट्रकवाले यांच्यासाठी ती सोय आहे. "उद्या सकाळी जा, दुपारी तुम्ही साउथ डकोटाचे," त्या म्हणाल्या. त्यांच्या बाजूने ते खरंच आहे. लायसन्स मिळालं असतं.

पण आमच्या सीपीए (कर सल्लागार) बाईंनी आधीच बजावलं होतं. आपल्याकडे डोमिसाइल म्हटलं की सेतू कार्यालय आठवतं; पंधरा वर्षांचे पुरावे जोडा, तहसीलचा शिक्का मारलेला दाखला घ्या, संपलं. अमेरिकेत असा दाखला कुठलंच राज्य देत नाही. फ्लोरिडात डोमिसाइलचं प्रतिज्ञापत्र काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नोंदवता येतं, पण तेही तुमचंच म्हणणं, सरकारचा निर्णय नव्हे. जुनं डोमिसाइल तेव्हाच सुटतं जेव्हा नव्या जागी तुम्ही प्रत्यक्ष गेलेले असता आणि तिथे राहायचा तुमचा इरादा असतो. दोन्ही एकदम हवं. आणि नवं सिद्ध करायची जबाबदारी आपली. एका रात्रीची पावती आणि पेटीक्रमांक घेऊन फ्रँचाइज टॅक्स बोर्डासमोर उभं राहिलं तर ते विचारणार, २६ वर्षांच्या फ्रीमॉन्टसमोर ही एक रात्र तुम्ही कशी तोलता?

त्या हॉटेलातल्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोललो. मुलगी इथून गाडीने चार तासांवर आहे. मिनेसोटातच घर केलं असतं, पण तिथला उत्पन्नकराचा वरचा दर ९.८५ टक्के. भारतातून परतल्यावर मुलीच्या जवळ, पण मिनेसोटाच्या हद्दीबाहेर राहायला सू फॉल्स काही वाईट नाही, असं मी म्हणाले. नवरा म्हणाला, "मग राहून बघू. आवडलं तर सही करू." आम्ही पुण्याची जानेवारीची तिकिटं काढली आणि १,१५० डॉलर भाड्याचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं. एका रात्रीचे नऊ महिने झाले.

सेवेचा आढावा लिहिताना त्या नऊ महिन्यांबद्दल लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण पत्ता त्यांनी दिला पण तो खरा त्या महिन्यांनी केला.

सू फॉल्स दोन लाख वस्तीचं गाव आहे. मधून बिग सू नदी वाहते आणि गावातच धबधबा आहे. खडक गुलाबी. सू क्वार्टझाइट म्हणतात त्याला, आणि जुन्या इमारतीही त्याच दगडाच्या. संध्याकाळी ऊन उतरलं की न्यायालयाची जुनी इमारत भाजलेल्या विटेसारखी दिसायची. मी रोज फॉल्स पार्कमध्ये चालायला जायचे. भारतीय किराण्याचं एक छोटं दुकान सापडलं, तिथे तूरडाळ, पोहे मिळायचे. कढीलिंब आणि ताज्या भाजीसाठी मिनिआपोलिसची फेरी. महिन्यातून दोनदा मुलीकडे.

तिथे एक गोष्ट नव्याने कळली. उत्पन्नावर कर नाही म्हणजे राज्य फुकट चालतं असं नाही. किराण्यावर विक्रीकर आहे: २०२४ मध्ये राज्याचा ४.२ टक्के आणि शहराचा २. कॅलिफोर्नियात घरी शिजवायच्या धान्या-भाजीवर तो नसतो. डाळ-तांदळाच्या बिलावर ६.२ टक्के पाहिले की माझ्या पोटात तुटायचं, कारण ज्याच्याकडे कमी त्याच्या खिशातून तो जास्त जातो. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत राज्याचा हा किराणाकर काढावा असा प्रस्ताव मतदानाला होता. तोवर मी मतदार झाले होते (२०२३ पासून तिथे नोंदणीसाठी ३० दिवसांचं वास्तव्य लागतं, आमचं कितीतरी जास्त झालं होतं). मी कर काढण्याच्या बाजूने मत दिलं. प्रस्ताव पडला. पण मतपत्रिका भरताना पहिल्यांदा वाटलं की हे माझं गाव आहे, इथे काय व्हावं याबद्दल मला मत आहे. प्रतिज्ञापत्रातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

लायसन्स मात्र आधीच, मे महिन्यात घेतलं. हातात भाडेकरार आणि विजेचं बिल असल्यामुळे फिरस्त्यांचं ते प्रतिज्ञापत्र लागलंच नाही. पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड, पत्त्याचे दोन पुरावे, डोळ्यांची तपासणी. कॅलिफोर्नियाचं लायसन्स चालू होतं म्हणून परीक्षा नाही. काउंटरवरच्या मुलीने माझं जुनं लायसन्स घेतलं आणि तिच्या ट्रेमध्ये टाकलं. त्यावरचा फोटो मुलगी बारावीत असतानाचा होता. मी म्हटलं, एकदा परत बघू का? तिने काही न बोलता उचलून दिलं, मी पाहिलं आणि परत दिलं. गाडीची नोंदणी काउंटीच्या ट्रेझररकडे होते; माउंट रशमोअरची चित्रं असलेल्या पाट्या लावून नवऱ्याने फोटो काढून मुलीला पाठवला.

आता जे काम ही सेवा करत नाही आणि करूही शकत नाही. कॅलिफोर्नियाचे धागे तोडणं. टॅक्स बोर्ड बघतं ते एवढंच की तुमचे जवळचे संबंध कुठे आहेत: घर, नवरा-बायको-मुलं, गाडीची नोंदणी, लायसन्स, मतदान, बँका, डॉक्टर, वकील, सीपीए, क्लब, देवळं, किती दिवस कुठे होतात, कार्ड कुठे वापरलंत. एकच एक गोष्ट निर्णायक नसते, सगळ्यांचं वजन होतं. म्हणून आम्ही वही केली. तारीख आणि काय केलं. मतदार नोंदणी रद्द केल्याचं पत्र, वाचनालयाचं कार्ड परत केल्याची चिठ्ठी, दंतवैद्याकडून फाइल नव्या दवाखान्यात पाठवल्याचा ईमेल, सगळं त्यात. मृत्युपत्रही साउथ डकोटाच्या वकिलाकडून नव्याने केलं.

दोन गोष्टी जड गेल्या. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या (फ्रीमॉन्टच्या आसपासच्या) मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत मी नऊ वर्षं होते, गणपतीच्या प्रसादाचं काम माझ्याकडे असायचं. तो राजीनामा लिहायला मला दोन दिवस लागले. आणि बँकेचा लॉकर. सीपीए बाई म्हणाल्या होत्या, लॉकर ठेवू नका, मौल्यवान वस्तू कुठे ठेवता हेही बघतात. लॉकरच्या खोलीत मी एकटी. लग्नातल्या पाटल्या, तन्मणी, मुलीच्या बारशाला आईने आणलेल्या बिंदल्या, सगळं आईच्याच जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलेलं. गाठ सोडून एकेक मोजलं, परत बांधलं, पर्समध्ये ठेवलं. लॉकरची किल्ली काउंटरवर देऊन पावती घेतली. ती पावतीही वहीत आहे.

पत्ता बदलूनही जे सुटत नाही तेही सांगते, कारण या सेवेच्या संकेतस्थळावर ते कुठेच नाही आणि असायला हवं होतं. कॅलिफोर्नियात घर ठेवून भाड्याने दिलंत तर त्या भाड्यावर तिथला कर लागणारच, कुठेही राहा. कंपनीचे शेअर तिथे काम करत असताना कबूल झाले आणि हातात नंतर आले तर तिथल्या कामाच्या दिवसांच्या प्रमाणात कर लागतो. आणि आम्हाला बसलेला धक्का: नवरा त्या वर्षी स्वतंत्र सल्लागार म्हणून बे एरियातल्या दोन कंपन्यांचं काम सू फॉल्समधून करत होता. आम्ही समजत होतो, काम डकोटात बसून केलं म्हणजे उत्पन्न डकोटाचं. स्वतंत्र व्यावसायिकाच्या बाबतीत कॅलिफोर्निया बघतं की सेवेचा लाभ कुठे मिळाला. २०१९ मध्ये अपिलात असाच निकाल लागला होता. ॲरिझोनात राहून लिहिणाऱ्या एका पटकथालेखकाला कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांकडून मिळालेल्या पैशांवर तिथला कर भरावा लागला. आम्हीही भरला. डिसेंबरला नवऱ्याने ते काम थांबवलं. पगारदार माणसाला हा नियम असा लागत नाही, तो काम करतो ती जागा धरतात. आणि निवृत्तीचे पैसे, ४०१के, आयआरए, पेन्शन, यांवर अनिवासी माणसाकडून जुन्या राज्याला कर घेता येत नाही; १९९६ पासून तसा केंद्राचाच कायदा आहे. हा दिलासा फार मोठा, आमच्या म्हातारपणाचा आधार तोच.

२०२४ साठी कॅलिफोर्नियाचं अंशकालीन रहिवाशाचं विवरणपत्र, ५४०एनआर, भरलं. ते न चुकता भरा. विवरणपत्र भरलं की चौकशीला साधारण चार वर्षांची मुदत लागते. भरलंच नाही तर मुदत कधीच सुरू होत नाही.

जानेवारी २०२५ ला पुण्याला आलो, तेव्हापासून या सेवेची खरी परीक्षा सुरू झाली. रोजचं काम उत्तम. पाकिटाचा फोटो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी येतो. इथे रात्री जेवणं आटोपून ॲप उघडलं की तिथली सकाळ झालेली असते आणि सकाळच्या टपालाचे फोटो यायला लागतात. स्कॅन स्वच्छ, पानं उलटसुलट नाहीत. कर हंगामातले १०९९ फॉर्म (वर्षभराच्या उत्पन्नाची माहिती देणारे) सगळे वेळेत मिळाले. ज्यूरी सेवेचं समन्स आलं तेव्हा त्यांनी ते जाहिरातींत न टाकता लाल खूण करून वर ठेवलं आणि वेगळा ईमेल केला. काउंटीच्या कोर्टाला परदेशात असल्याचं कळवलं, त्यांनी सूट दिली. समन्सला उत्तर न देणं हा पर्याय नसतो, हे तिथला पत्ता घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

तक्रार एक आहे आणि ती किरकोळ नाही. ऑगस्टमध्ये माझं डेबिट कार्ड मुदत संपून नवीन आलं. बँक कार्ड अमेरिकेतल्या पत्त्यावरच पाठवते. मी ॲपमध्ये कुरिअरने पाठवा असं निवडलं होतं. ते साध्या आंतरराष्ट्रीय टपालाने निघालं, मागोवा घेता येणार नाही असं. पाच आठवडे. जुनं कार्ड बंद, ऑनलाइन व्यवहाराचे ओटीपी अमेरिकेच्या फोनवर, आणि आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे पैसे त्याच खात्यातून यायचे होते. शेवटी भावाकडून उसने घेतले. चौकशी केली तेव्हा कळलं, कुरिअरची निवड एका पाकिटापुरती होती आणि दुसऱ्या दिवशीच्या टपालाबरोबर एकत्र करताना ती पुसली गेली. त्यांनी चूक कबूल केली, माफी मागितली, टपालखर्च परत केला. पुढे 'नेहमी कुरिअर' अशी खूण खात्यावरच लावता येते हे सांगितलं. हे पहिल्या दिवशीच्या अर्ध्या तासात सांगितलं असतं तर ते पाच आठवडे वाचले असते. कुरिअरने भारतात पाठवताना इकडे केवायसी मागतात, पासपोर्टची प्रत आधीच देऊन ठेवा.

दुसरा त्रास सेवेमुळे नाही, पण तिच्या पत्त्यामुळे आहे. असे पत्ते टपाल एजन्सीचे म्हणून पोस्टाच्या यादीत नोंदलेले असतात आणि बँकांच्या संगणकाला ते दिसतं. बँकेला कायद्याने राहत्या जागेचा पत्ता लागतो. एका बँकेने पेटीक्रमांक दिसताच आमचं खातं तीन आठवडे अडवलं. अपार्टमेंटचा करार आणि सू फॉल्सच्या स्थानिक क्रेडिट युनियनचं (आपल्या पतपेढीसारख्या संस्थेचं) खातं दाखवल्यावर सुटलं. नऊ महिने राहिलो नसतो तर दाखवायला काय होतं? अजून एक: ही सेवा सोडली तर पोस्टात जाऊन पत्ता बदलल्याचा अर्ज देता येत नाही. एजन्सीच्या पत्त्याला ती सोय नाही, प्रत्येक ठिकाणी आपणच कळवायचं. म्हणून निवडताना विचार करून निवडा, पुढची दहा वर्षं तुमची पत्रं यांच्या हातात असणार आहेत.

सगळ्यांनाच याची गरज नाही. टेक्सास किंवा फ्लोरिडातून भारतात येणाऱ्यांना राज्याचा उत्पन्नकर मुळातच नाही. टपालासाठी पेटी घ्या, रहिवासाचं पॅकेज नको. माझे धाकटे दीर न्यू जर्सीत एडिसनला आहेत, त्यांनाही मी नको म्हटलं. तिथला नियम माणुसकीचा आहे: न्यू जर्सीत कायमचं घर नसेल, बाहेर कायमचं घर असेल आणि वर्षात ३० दिवसांपेक्षा जास्त तिथे राहिला नाहीत, तर डोमिसाइल तिथलं असूनही तुम्ही करापुरते अनिवासी. न्यूयॉर्कचीही तशी तरतूद आहे, शिवाय ५४८ दिवसांपैकी ४५० परदेशात काढण्याचा वेगळा नियम आहे, अटी जास्त. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियाच्या लोकांनी मात्र निघायच्या वर्षभर आधी सीपीएकडे जावं. शेवटच्या महिन्यात, सामान बांधताना, हे होत नाही.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी आमचं काहीच वाचलं नाही. नऊ महिन्यांचं भाडंच १०,३५० डॉलर झालं, त्यावर वकील, सीपीए, सामानाचं गोदाम. हिशोब दुसऱ्या वर्षापासून आमच्या बाजूने झाला. सू फॉल्सचं गोदाम चालू आहे, गाडी तिथेच झाकून ठेवली आहे, क्रेडिट युनियनचं खातं आहे, आणि परदेशातल्या मतदाराला शेवटच्या राहत्या पत्त्यावरून मत देता येतं म्हणून मतपत्रिका इथे ईमेलने मागवणार आहे.

पाचपैकी चार. टपालासाठी पाच दिले असते, कार्डाच्या पाच आठवड्यांसाठी एक कापला. रहिवासाच्या पॅकेजमधले ७५ डॉलर कागदांसाठी द्यायला हरकत नाही, फक्त 'दुपारपर्यंत साउथ डकोटाचे' हे वाक्य त्यांनी फोनवर बोलू नये असं मी त्यांना लेखी कळवलं आहे. त्या बाईंचं उत्तर आलं. मोटारघरवाल्यांना तसं सांगणं बरोबर आहे, पण कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांना यापुढे आधी सीपीएला भेटायला सांगू, असं त्यांनी लिहिलं.

परवा पुढच्या वर्षाचे पैसे भरले. आई शेजारी बसून वाटाणे सोलत होती. स्क्रीनवरचा पत्ता बघून तिने विचारलं, "हे कुठलं गाव?" मी तिला फॉल्स पार्कमधल्या गुलाबी दगडांचा फोटो दाखवला. तिने चष्मा वर करून नीट पाहिला, म्हणाली, "छान आहे की," आणि वाटाण्यांकडे वळली. मी खात्याच्या पानावर जाऊन 'नेहमी कुरिअर'ची खूण अजून आहे ना ते बघून घेतलं. आहे.